एक थाप माफ!

1936 सालची गोष्ट. लंडनमध्ये रेनर अन्विन नावाचा दहा वर्षांचा मुलगा राहत होता. त्याचे वडील स्टॅन्ली अन्विन पुस्तकांचे प्रकाशक. मुलांसाठी लिहिलेलं एखादं हस्तलिखित कचेरीत आलं की ते घरी आणायचे आणि रेनरच्या हातात ठेवायचे. मुलांच्या पुस्तकाची पारख मुलांनीच करावी, असं त्यांचं सरळ म्हणणं. रेनरने वाचायचं, चार ओळींचा अभिप्राय लिहून द्यायचा आणि एक शिलिंग खिशात टाकायचा. खाऊच्या पैशांसाठी याहून बरी नोकरी मला तरी माहीत नाही.

त्या ऑक्टोबरात त्याच्यापुढे एक बाड आलं. पायांवर केस असलेला, घरातली उबदार खुर्ची सोडायला नाखूश असा एक बुटका नायक, दाढीवाले तेरा सोबती, एक जादूगार आणि सोन्याच्या ढिगावर झोपणारा ड्रॅगन. रेनरने शेरा मारला की पुस्तक चांगलं आहे, नकाशे असल्यामुळे चित्रांची गरज नाही आणि पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना ते आवडेल. स्वतः दहाचा! म्हणजे ‘मी काय आता लहान नाही, पण लहानांचं काम होईल’ असा सगळा आव. तरी त्याच्या शब्दावर पुस्तक निघालं, सप्टेंबर 1937 मध्ये. ते पुस्तक म्हणजे जे. आर. आर. टॉल्किनचं ‘द हॉबिट’. पुढे रेनर मोठा होऊन त्याच कचेरीत बसू लागला आणि टॉल्किनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे भलं जाडजूड प्रकरण छापायचं ठरलं, तेही त्याच्याच आग्रहामुळे.

हॅरी पॉटरचंही तसंच. अनेक प्रकाशकांनी नको म्हटलेलं ते हस्तलिखित एका प्रकाशकाने आपल्या आठ वर्षांच्या लेकीला चाळायला दिलं. पहिलं प्रकरण संपवून तिने ‘बाकीचं कुठाय?’ म्हणून जी भुणभुण लावली ती थांबेचना. शेवटी पुस्तक छापावंच लागलं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझ्या ओळखीतही अशी एक परीक्षक आहे. माझी भाची. सातवीत आहे, फँटसीची पुस्तकं आणि सुपरहिरोंची कॉमिक्स खाते, आणि प्रत्येक पुस्तकाला एका जुन्या वहीत गुण देते. गुण द्यायचा तिचा नियम एकच. “मावशी, लेखकाला एक थाप माफ. कोळी चावला आणि मुलगा भिंतीवर चढायला लागला, चालेल. ती पहिली थाप. पण त्याच्यापुढे सगळं खरंखुरं व्हायला पाहिजे. दुसरी थाप पकडली की गुण कापणार.”

मला हा नियम फार आवडला. खरं सांगायचं तर बऱ्याच मोठ्या टीकाकारांपेक्षा तो बरा आहे. शिवाय दुसरी थाप पकडायची तर विज्ञान लागतं. तेव्हा तिची वही मागून घेतली आणि आम्ही दोघी एकेकाची उलटतपासणी घ्यायला बसलो.

पहिला नंबर अर्थात सुपरमॅनचा. जेरी सीगल आणि जो शस्टर या दोन तरुणांचा हा हिरो 1938 साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. तेव्हा तो उडत नव्हता बरं का! फक्त उडी मारायचा. एका उडीत मैलाचा आठवा भाग, म्हणजे साधारण 200 मीटर. वीस मजली इमारत ओलांडायचा. उडणं नंतर आलं. भाचीचं मत आहे की उडी मारणाराच सुपरमॅन बरा होता. “आता त्याला काहीच लागत नाही, काहीच होत नाही. मग गोष्ट कशाला वाचायची?” सहापैकी तीन गुण.

पण त्या पहिल्या अंकात एक गंमत आहे. सुपरमॅन एवढा ताकदवान कसा, याचं ‘शास्त्रीय’ स्पष्टीकरण लेखकांनी तिथेच देऊन टाकलंय: मुंगी नाही का स्वतःच्या कितीतरी पट वजन उचलत? नाकतोडा नाही का केवढी लांब उडी मारत? मग माणसासारख्या दिसणाऱ्या कुणाला तसंच जमलं तर नवल काय!

वाचताना पटतं. पण जरा थांबा. लाकडाचे सारखे चौकोनी ठोकळे घ्या. एक ठोकळा म्हणजे आपला छोटा प्राणी. आता तो दुप्पट उंच करायचा. नुसता उंच नाही, दुप्पट रुंद आणि दुप्पट जाडही. किती ठोकळे लागले? आठ. म्हणजे वजन झालं आठपट. पण वरून पाहिलंत तर दिसतात फक्त चार. आणि स्नायूंची किंवा हाडांची ताकद ठरते त्यांच्या जाडीवर, म्हणजे आडवं कापल्यावर जो काप दिसेल त्याच्या क्षेत्रफळावर. उंची दुप्पट केली की ताकद चारपट आणि ओझं आठपट. तोट्याचा सौदा! गॅलिलिओने 1638 सालच्या आपल्या पुस्तकात हे मांडून ठेवलंय. हत्तीचे पाय हरणासारखे नाजूक का नसतात, याचं उत्तर इथेच आहे.

आता मुंगी घेऊ. समजा, एक सेंटिमीटरचा मुंगळा स्वतःच्या पन्नासपट वजन उचलतो. त्याला शंभरपट मोठा केला, म्हणजे चांगला मीटरभर लांब, मोठ्या कुत्र्याएवढा. त्याची ताकद वाढली शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार पट. वजन वाढलं शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा लाख पट. मुंगळ्याच्या मूळ वजनात मोजलं, तर तो आता पाच लाख उचलू शकतो आणि त्याचं स्वतःचंच वजन आहे दहा लाख! दुसऱ्याचं ओझं राहू द्या, बिचाऱ्याला स्वतःला उठून उभं राहता यायचं नाही. सिनेमात शहरं तुडवणाऱ्या राक्षसी मुंग्या खऱ्या असत्या, तर रस्त्यात पसरून नुसत्या मिशा हलवत बसल्या असत्या.

आणि श्वासाची अडचण वेगळीच. कीटकांना फुप्फुसं नसतात. अंगावरच्या बारीक छिद्रांतून आणि नळ्यांतून हवा आत जाते. छोट्या अंगाला ते पुरतं, मोठ्याला पुरत नाही. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी चतुरासारखे दिसणारे काही कीटक होते, पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत पाऊण मीटरच्या आसपास. तेव्हा हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा जास्त होता, म्हणून ते इतके मोठे होऊ शकले असावेत, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. पण तेसुद्धा कुत्र्याएवढे नव्हतेच.

गॅलिलिओचं हे गणित सर्वांत मजेशीरपणे कुणी सांगितलं असेल तर जे. बी. एस. हाल्डेन यांनी. हे मोठे जीवशास्त्रज्ञ. 1926 साली त्यांनी प्राण्यांच्या आकारावर एक छोटासा निबंध लिहिला. त्यात ते गोष्टीतल्या राक्षसांची हजेरी घेतात. दहापट उंच राक्षस म्हणजे हजारपट वजन, पण मांडीच्या हाडाचा काप फक्त शंभरपट मोठा. म्हणजे हाडाच्या प्रत्येक कणावर दहापट भार. आणि माणसाचं मांडीचं हाड तर साधारण दहापट भाराला मोडतं. म्हणजे राक्षसाने पाऊल टाकलं की कड्! पुढचं टाकलं की पुन्हा कड्! लहान नायकाला तलवार काढायची गरजच नाही, नुसतं ‘जरा चालून दाखव’ म्हणायचं. मी लगेच कुंभकर्णाचा विषय काढला, तर भाची म्हणाली, “तो झोपून का असायचा ते आत्ता कळलं.”

हाल्डेन पुढे भारतात आले, 1957 मध्ये. भारताचं नागरिकत्व घेतलं, आधी कोलकात्यात आणि मग भुवनेश्वरला काम केलं आणि 1964 साली तिथेच वारले. पण मुलांना आवडेल अशी गोष्ट पुढेच आहे. राक्षसांची हाडं मोडणाऱ्या या शास्त्रज्ञाने स्वतः मुलांसाठी जादूच्या गोष्टींचं पुस्तक लिहिलं, ‘माय फ्रेंड मिस्टर लीकी’. सालही बघा, 1937. ‘हॉबिट’चंच. त्यातल्या जादूगाराच्या घरी एक ड्रॅगन आहे. डोंगराएवढा नाही हं, चुलाणात मावणारा, इवलासा. बाहेर आला की गालिचा जळू नये म्हणून ॲस्बेस्टॉसचे बूट घालतो! जादू म्हणून ड्रॅगन आणलात ना, मग गालिच्याचं काय ते बघा. एक थाप मारायची आणि तिचे परिणाम मुकाट्याने निस्तरायचे. भाचीने पुस्तक न वाचताच सहापैकी पाच देऊन टाकले.

याच गणितात एक जुनं पुस्तक अडकतं, ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’. जोनाथन स्विफ्टने ते 1726 साली लिहिलं. लिलिपुटची माणसं गलिव्हरच्या बाराव्या हिश्श्याएवढी. त्यांच्या राजाच्या गणितज्ञांनी गलिव्हरची उंची मोजली आणि हिशेब केला: बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे हा आपल्यासारख्या सतराशेहून जास्त माणसांएवढा. तेव्हा सतराशेहून जास्त माणसांचं जेवण याला रोज द्या! स्विफ्टने घन काढायला चूक केली नाही. पूर्ण मार्क.

पण 1932 मध्ये मॅक्स क्लायबर नावाच्या शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या प्राण्यांना किती ऊर्जा लागते ते मोजून एकत्र मांडलं, तेव्हा दिसलं की प्राणी मोठा होत जातो तशी त्याची भूक वजनाच्या मानाने कमी वाढते. उंदीर त्याच्या वजनाच्या मानाने हत्तीपेक्षा कितीतरी जास्त खातो. छोट्या अंगातून उष्णता भराभर निघून जाते, हे त्याचं एक कारण. घरात रात्री चुकचुकत फिरणारी चिचुंद्री पाहिलीय? तिच्या काही छोट्या भाऊबंदांना काही तास अन्न मिळालं नाही तर त्या मरतातच.

क्लायबरच्या नियमाने पुन्हा गणित केलं तर गलिव्हरला सुमारे 270 लिलिपुटकरांचं जेवण पुरलं असतं. राजाचा खजिना उगीच रिकामा झाला! आणि उलट बाजूने बघा: प्रत्येक लिलिपुटकराला स्वतःच्या वजनाच्या मानाने आपल्या सहापट खावं लागलं असतं. म्हणजे तुम्ही दोन पोळ्या खात असाल तर बारा, वर तितकीच भाजी आणि भात. दिवसभर तोंड चालू. अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून ते युद्ध करतात म्हणे पुस्तकात. कसलं युद्ध, मी म्हणते त्यांनी अंडी आधीच खाऊन टाकली असती.

पण लहान असण्याचे फायदेही आहेत. उंचावरून पडताना हवा आपल्याला वर ढकलते, आणि हे ढकलणं अंगाच्या पसाऱ्यावर अवलंबून असतं. लहान प्राण्याचं वजन कमी आणि त्या मानाने पसारा मोठा. म्हणून खोल खाणीत उंदीर पडला तर थोडा हबकतो आणि चालू लागतो, माणूस पडला तर वाचत नाही. हेही हाल्डेननी सांगून ठेवलंय. तेव्हा कॉमिक्समधला ‘अँट-मॅन’ मुंगीएवढा होऊन गच्चीवरून पडला आणि उठून पळाला, तर तिथे गुण कापू नका.

आता कोळी. स्पायडर-मॅन आला 1962 च्या ऑगस्टच्या अंकात, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी आणला. भाचीचा हा लाडका, कारण तो शाळेत जातो, त्याला पैशांची चणचण असते आणि जाळं सोडायचं यंत्र तो स्वतः बनवतो. पण भिंतीवर चढणं?

आज रात्री घरातली पाल खिडकीच्या काचेवर बसली असेल तर काचेच्या दुसऱ्या बाजूने बघा. किळस वाटली तरी बघा. तिच्या बोटांखाली आडव्या आडव्या पट्ट्या दिसतील. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे लक्षावधी बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. हे फाटे काचेच्या इतके जवळ जातात की पालीचे रेणू आणि काचेचे रेणू एकमेकांना ओढू लागतात. एका फाट्याची ओढ काहीच नाही, पण कोट्यवधी फाट्यांची मिळून पाल सहज पेलते. डिंक नाही, चिकटपणा नाही. आणि पाय उचलताना ती काय करते बघा: बोटं टोकाकडून वरच्या बाजूला गुंडाळत सोडवते. हे सगळं एका सेकंदात कित्येकदा.

मग माणसाला असे पंजे दिले तर? केंब्रिज विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2016 साली कोळ्यांच्या जातीतल्या बारक्या किड्यांपासून पालींपर्यंतच्या प्राण्यांचे पाय मोजून याचं उत्तर दिलं. माणसाला पालीसारखं चढायचं असेल तर अंगाचा 40 टक्के भाग असल्या केसांच्या गादीने भरावा लागेल. फक्त पायांवर भागवायचं म्हटलं तर बूट लागतील युरोपियन मापात 145 नंबरचे. तुमच्या आईच्या चपलेचा नंबर बघा, 38-39 असेल. 145 म्हणजे जवळजवळ मीटरभर लांब बूट! कारण तेच आपलं ठोकळ्यांचं: वजन घनाने वाढतं, तळवे वर्गाने. पण ही पहिलीच थाप आहे, तेव्हा नियमाप्रमाणे माफ.

दुसरी कुठे सापडते ते बघायचं. आणि इथे स्पायडर-मॅनच्या लेखकांनी जे केलं त्याला मी सलाम करते. 1973 सालच्या एका अंकात खलनायक स्पायडर-मॅनच्या मैत्रिणीला, ग्वेन स्टेसीला, पुलाच्या मनोऱ्यावरून खाली ढकलतो. (अंकात लिहिलंय एका पुलाचं नाव आणि चित्र आहे दुसऱ्याच पुलाचं. चाणाक्ष वाचकांनी ते केव्हाच पकडलं.) स्पायडर-मॅन जाळं सोडतो, ती पाण्यावर आपटण्याआधी तिला पकडतो, वर ओढतो. आणि ती मेलेली असते. त्या चौकटीत तिच्या मानेजवळ बारीक अक्षरात एक आवाज लिहिलाय, काहीतरी तुटल्याचा.

मुलं हबकली, चिडली, अंकाला पत्रं गेली. वाचवलं होतं ना, मग कशी मेली? पुढे पत्रांच्या पानावर उत्तर आलं की तिला इतकं अचानक थांबवल्याने मानेला हिसका बसला.

मिनेसोटा विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे जेम्स काकालियोस यांनी ‘द फिजिक्स ऑफ सुपरहिरोज’ या पुस्तकात या प्रसंगाचं गणित मांडलंय. आपणही करू. समजा ती 90 मीटर पडली. तोवर वेग झाला सेकंदाला 42 मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. जाळ्याने तिला अर्ध्या सेकंदात थांबवलं, तर अंगावर भार पडला तिच्या वजनाच्या जवळजवळ दहापट, आणि तोही एका झटक्यात. तेच थांबायला तीन सेकंद दिले असते तर अडीचपटीच्या आतच राहिला असता. उंच झेल घेताना तुम्ही हात मागे का नेता? चेंडूला थांबायला वेळ मिळावा म्हणून. स्पायडर-मॅनने हात मागे घेतले नाहीत.

पण तीन सेकंद द्यायचे तर जाळं साठेक मीटर ताणत जायला हवं. सह्याद्रीत कडे चढणारी मंडळी पडण्याची शक्यता असेल तिथे मुद्दाम ताणला जाणारा दोर वापरतात, ते याचसाठी. न ताणणारा दोर माणसाला अडवतो खरा, पण कंबर मोडून. खऱ्या कोळ्याचा धागाही छान ताणला जातो, म्हणूनच वेगाने आलेली माशी जाळं फाडून पार जात नाही.

म्हणून मी म्हणते, ही कॉमिक्समधली सर्वांत प्रामाणिक चौकट आहे. वेग, वेळ आणि मान यांच्या बाबतीत लेखकांनी सवलत घेतली नाही. भाचीला तो अंक अजिबात आवडला नाही, “खूप वाईट वाटलं” म्हणाली. गुण मात्र सहापैकी सहा.

हाच ‘अचानक’ आणखी एका मोठ्या माणसाला नडला. ज्यूल व्हर्न. त्याच्या अद्भुत सफरी भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्या, आणि कितीतरी मराठी मुलांनी त्या वाचूनच विज्ञानाची गोडी लावून घेतली. 1865 सालच्या कादंबरीत व्हर्नने तीन माणसांना चंद्राकडे पाठवलं, तेही अमेरिकेतल्या फ्लोरिडातून. शंभर वर्षांनी अपोलोची यानं खरोखरच फ्लोरिडातून सुटली! वेगही बरोबर धरला, सेकंदाला सुमारे 11 किलोमीटर. पण पाठवलं कसं? तोफेतून. तोफेची नळी 274 मीटर लांब. गोळा एवढा वेग घेणार नळीच्या आतच, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात. गणित केलं तर आतल्या माणसाचं वजन होतं बावीस हजारपटीहून जास्त. तुमचं वजन 40 किलो असेल तर त्या क्षणी 900 टन. आपल्या प्रवाशांना वाचवायला व्हर्नने खाली पाण्याचा थर ठेवला होता. बिचाऱ्याने विचार केला हे खरं, पण पाण्याने काय होणार! खरं रॉकेट कक्षेत पोचायला आठ-नऊ मिनिटं घेतं, ती उगाच नाही.

ड्रॅगनबद्दल फार लिहीत नाही, कारण डोंगराएवढा ड्रॅगन उडणार नाही हे आता तुम्ही स्वतःच सिद्ध कराल. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानामुळे आपल्याला माहीत असलेला माळढोक पंधरा किलोपर्यंत भरतो आणि उडणाऱ्या पक्ष्यांतला तो जगातल्या सर्वांत वजनदारांपैकी एक. आग ओकणं मात्र अगदीच अशक्य नाही. बॉम्बार्डियर नावाचा भुंगेरा पोटातल्या दोन रसायनांची गाठ घालून देतो आणि मागून जवळजवळ उकळत्या पाण्याइतका गरम फवारा मारतो. तोंडातून नाही एवढंच.

हॅरी पॉटरवर आमचं भांडण झालं. तिसऱ्या भागात हॅरीच्या मैत्रिणीकडे, हर्मायनीकडे, काळ मागे फिरवणारं यंत्र असतं, टाइम टर्नर. वर्गांना हजर राहायला ती ते वापरते. “मग पुढे एवढी माणसं मेली तेव्हा कुणालाच ते आठवलं नाही?” भाचीचा आवाज चढला. पाचव्या भागात लेखिकेने जादूच्या मंत्रालयातले सगळे टाइम टर्नर फोडून टाकलेत, हे मी तिला दाखवलं. तर म्हणते, “म्हणजे चूक झाली आणि मग झाडूने काचा लोटल्या.” मी हॅरीची बाजू घेतली, कारण अदृश्य करणाऱ्या झग्याच्या बाबतीत लेखिका सांभाळून आहे. मुलं उंच झाल्यावर झगा आखूड पडतो आणि पावलं दिसायला लागतात, हे तिने विसरू दिलेलं नाही.

पण अदृश्यतेतला उस्ताद म्हणजे एच. जी. वेल्स. त्याच्या 1897 च्या कादंबरीतला माणूस अदृश्य होतो आणि मग हाल सुरू होतात. कपडे अदृश्य नाहीत, म्हणून कुडकुडत उघडं फिरायचं. खाल्लेलं अन्न पचेपर्यंत पोटात दिसतं. पापण्या पारदर्शक, त्यामुळे डोळे मिटले तरी उजेड आत! सर्वांत मोठी अडचण डोळ्यांची. दिसायचं तर डोळ्यातल्या पडद्याने प्रकाश अडवून शोषून घ्यायला हवा. आरपार जाणारा प्रकाश दिसत नाही, म्हणून पूर्ण अदृश्य माणूस पूर्ण आंधळा असणार. वेल्सला हे सुचलं असावं, कारण आरशात पाहताना त्याच्या नायकाला डोळ्यांच्या मागे धुक्याहून पुसट असा रंग उरलेला दिसतो. एवढ्याशा वाक्याने त्याने दुसरी थाप वाचवली. (प्रयोगशाळेत 2006 साली तांब्याची एक छोटीशी नळकांडी मायक्रोवेव्ह लहरींपासून लपवून दाखवली गेली, बऱ्यापैकी लपली. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापासून माणूस लपवणं अजून लांब आहे.)

वहीच्या शेवटच्या पानावर दोन हिरो आहेत, ज्यांच्याकडे कुठलीच शक्ती नाही. एक माझ्या लहानपणीचा, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. तो अमर आहे असं सगळ्या जंगलाला वाटतं, पण खरं म्हणजे बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवत आलाय, एकवीस पिढ्या. थाप लेखकाने वाचकाला मारलेली नाही, वेताळाने जंगलाला मारलीय. वा! दुसरा आपला फुरसुंगीचा बनेश फेणे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. सायकल, डोकं आणि आगाऊपणा एवढ्यावर तो निभावतो. भाचीने त्याला थापेच्या रकान्यात शून्य लिहून सहापैकी साडेपाच दिलेत. अर्धा गुण का कापला विचारलं तर म्हणाली, “एवढ्या भानगडीत पडतो, अभ्यास कधी करतो?”

आता तुमची पाळी. सध्या वाचत असाल ते जादूचं, राक्षसांचं किंवा सुपरहिरोचं पुस्तक घ्या आणि एक कागद. पहिली थाप कोणती ते लिहा आणि ती माफ करा. मग दुसरी शोधा. हिरो अचानक थांबतो का, राक्षस काय खातो, छोटा झाल्यावर त्याचं वजन कुठे जातं, अदृश्य असताना तो बघतो कसा, सगळं विचारा. गणित चुकलं तरी चालेल, पण गणित कराच.